जुन्या गोष्टीत नसलेलं हरीण

अमरावती,
८ डिसेंबर

चि. आरती,

आईचा आशीर्वाद. मी बरी आहे. डोळ्याला आता छान दिसतं, सुईत दोरा माझी मीच ओवते. थंडी चांगलीच पडली आहे. शेजारच्या नसीमबानोच्या निखतला मुलगी झाली, त्या घरात सध्या सगळे हळू बोलतात. भातकुलीच्या शाळेतली माझी एक जुनी विद्यार्थिनी परवा तुरीच्या शेंगा देऊन गेली. दाणे काढून सोल्याची भाजी केली. एकटीपुरती करायची अजून सवय नाही, उरली.

अकोला काही लांब नाही. पण तुला कॉलेजात शिकवण्यातून सवड होत नसेल.

तुझ्या कादंबरीला पुरस्कार मिळाल्याचं पेपरात वाचलं. फोटो छान आलाय, मात्र वाळलीस. मुलाखतीत तू म्हणालीस की माझ्या आईने ही कादंबरी अजून वाचलेली नाही. वाचली आहे, बाई. तेच सांगायला बसले आहे. फोनवर बाबांचं नाव निघालं की तू "ठेवते" म्हणतेस, म्हणून हे पत्र.

पुस्तक निखतने उन्हाळ्यात मागवून दिलं आणि त्याच आठवड्यात माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचायला मनाई केली. मी पुस्तक उशाशी ठेवून नुसती त्यावरून हात फिरवत असे. बाबा म्हणाले, मी वाचून दाखवतो. मी नको म्हटलं. त्यात काय असणार ते मला कळत होतं, त्यांनाही कळत असावं. तरी सकाळचा चहा झाला की ते खुर्ची ओढून माझ्या खाटेशी बसायला लागले.

गोष्ट तर मीच तुला सांगितलेली. आपल्या विदर्भाची राजकन्या, द्यूतात सगळं हरलेला तिचा नवरा, आणि तिला रानात झोपेत टाकून, तिचंच अर्धं वस्त्र फाडून घेऊन त्याचं निघून जाणं. चौथीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली की एखादी पोरगी हमखास विचारायची, "बाई, तिले जाग कावून नाई आली?" मी सांगायची, थकली होती.

जुन्या गोष्टीत ती त्याला शोधून काढते आणि संसार पुन्हा मांडते. तुझी राजकन्या त्याला ओळखच देत नाही. त्या शेवटाबद्दल माझं भांडण नाही. बाबा परतवाड्याच्या त्या बाईकडून सहा वर्षांनी परत आले तेव्हा मी दार उघडलं, आणि तू बारावी होताच बॅग भरलीस. "तू त्यांना घरात घेतलंसच कसं?" असं तू विचारलंस. दारात उभा असलेला माणूस म्हातारा दिसत होता, एवढंच आठवतं.

बाबांनी सगळं वाचलं. झाडांनी, नदीने राजाला दिलेले शाप एकही न गाळता वाचले. मी म्हणायची, आज पुरे. ते म्हणायचे, "लिवलं तिनं, तं वाचू दे मले."

मग ते हरणाचं प्रकरण आलं.

जुन्या गोष्टीत हरीण नाही. तुझ्या गोष्टीत लहानसं पाडस आहे, राजकन्येच्या पाठीला लागून निजलेलं. राजा उठतो तेव्हा पाडसाचे डोळे उघडतात. राजा ओठांवर बोट ठेवतो. पाडस हूं की चूं करत नाही. आणि मग ते रानात एकटंच फिरत राहतं, कुणाच्या जवळ जात नाही, कारण त्याने तिला उठवलं नाही.

बाबा वाचता वाचता थांबले. मला वाटलं, घसा कोरडा पडला. पाहते तर पुस्तक मांडीवर उपडं.

"आरती जागी होती," ते म्हणाले.

मला आधी उमगेना. मग त्यांनी सांगितलं. त्या दुपारी आपण दोघी कूलरसमोर चटईवर पडलो होतो. ते पिशवी घेऊन निघाले आणि तू टक्क डोळे उघडून पाहत होतीस. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. तू डोळे मिटून घेतलेस. दहा वर्षांची होतीस. परतवाड्याला माझी आठवण फारशी यायची नाही, म्हणाले, पण तुझे ते मिटलेले डोळे रोज समोर यायचे. परत आल्यावर त्यांना तुझ्याशी हेच बोलायचं होतं. तू त्यांच्यासमोर जेवायलासुद्धा बसली नाहीस.

आरती, मीही जागी होते.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझं तोंड दाराकडे होतं, तू पाठीमागे. पापण्यांच्या फटीतून मला त्यांचे पाय दिसत होते. त्या सकाळी मी हे बाबांना सांगून टाकलं.

"मंग हाक कावून नाई मारली मले?"

"तुमचे जोडे हातात होते," मी म्हटलं. "आमाले ऐकू जाऊ नये म्हणून जोडे हातात घेतलेल्या माणसाले काय हाक मारू?"

हाक मारली असती तर ते थांबले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मारली नाही. रोज हाक मारून थांबवावा लागेल असा नवरा मला नको होता.

त्यानंतर त्यांनी पुस्तक उघडलं नाही. एकदा मला न सांगता अकोल्याला जाऊन आले. तुझ्या कॉलेजच्या फाटकासमोर उभे राहिले. तू मुलींसोबत बाहेर आलीस, पुढे निघून गेलीस. घरी येऊन एवढंच म्हणाले, "हासत होती." आणि श्रावणात गेले. तू आली नाहीस. पुतण्याने, आपल्या शिवमने, अग्नी दिला. त्याबद्दल मी तुला एका शब्दाने बोलणार नाही.

राहिलेली पानं मग मीच वाचली. शेवटाकडे माझं लक्ष नव्हतं, मी ते पाडस शोधत होते. कुठेतरी त्याला कुणी जवळ घेईल, असं वाटत होतं. तू त्याला रानातच ठेवलंस. पुरस्कार देणाऱ्यांनी त्या हरणाच्या कल्पनेचं फार कौतुक केलंय. मला ते कात्रण पुरतं वाचवलं नाही.

तू मला उठवलं नाहीस म्हणून काही झालं नाही, बाई. मी उठलेलीच होते. पण तू हे एवढं उरावर घेऊन शाळेत गेलीस, वेण्या घालून घेतल्यास, माझ्या हातचं जेवलीस, आणि शिक्षिका असून मला कळलं नाही. नवरा गेल्याचं मी सोसलं. हे सोसवत नाही.

फोन कर. काही बोलली नाहीस तरी चालेल, मी कानाला लावून बसेन.

त्या दुपारी तुझ्याच शेजारी जागी असलेली,
तुझी आई