गलोंड्याची मुलं

प्रिय सावंत बाई,

काल गलोंड्याची ग्रामसभा झाली. घरी आले आणि तुम्हाला लिहायला बसले. हे सांगायला दुसरं कोण आहे मला?

तुम्ही कोकणातून शिकवायला आलेल्या. आम्ही कंपनीत कामाला आलेल्यांची मुलं, कुणी धुळ्याची, कुणी बिहारची. रविवारी टोकरखाड्यातल्या तुमच्या घराच्या गच्चीवर बसवून विचारायचात, चाळीत काय खुपतं? आम्हाला वाटायचं, आम्ही सांगायचं आणि निस्तरायचं तुम्ही.

शाळेसमोर ट्रक भरधाव येतात, तुम्ही रस्ते खात्याच्या साहेबांना सांगा, असं आम्ही म्हणालो, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "अगो, रस्ता तुम्ही ओलांडता. मी कशाला बोलू?"

किती राग आला होता तुमचा! बाबा तर धुळ्याच्या बोलीत म्हणाले, "आपलं आठे कोन ऐकी?" इथे आपलं कोण ऐकणार! तरी आम्ही साहेबांच्या कचेरीत गेलो. तुम्ही बाहेर बाकावर शेंगा खात बसलात, आत डोकावलातसुद्धा नाही. साहेबांनी हिंदीत विचारलं, कुठले तुम्ही? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, "गलोंडा के." साहेब हसले आणि आम्हाला खुर्च्या दिल्या.

गतिरोधक व्हायला अख्खा पावसाळा गेला, पण झाला. पहिल्याच दिवशी त्यावरून बाबांची सायकल उडाली. शिव्या देत घरी आले आणि मग एकटेच हसत बसले.

आजार मात्र तुम्ही आमच्यापासून शेवटपर्यंत लपवलात, तुम्ही गेल्यावरच कळला. आम्हाला बोलायला शिकवून स्वतः गप्प राहिलात. हे काही बरं केलं नाहीत, बाई.

आता रविवारी मुलं माझ्याकडे जमतात. त्यांतली मिनती ओडिशाची. तिची आई कंपनीतून सुटते तेव्हा अंधार पडलेला असतो आणि वाटेवर एक दिवा नाही. काल त्यावर बोलायला मी उभी राहिले. इथे सभा गुजरातीत चालते, म्हणून गुजरातीतलं भाषण पाठ केलं होतं. दोन वाक्यं झाली नाहीत तोच मिनतीने माझी ओढणी ओढली. "दीदी, आप बैठो. मैं बोलूँगी."

आणि बोलली की! अर्धं गुजराती, अर्धं हिंदी. मागून एक वारली आजी उठल्या, म्हणाल्या, त्याच वाटेने त्यांची सूनही येते. मग काय, बायकाच बायका उभ्या राहिल्या. सरपंचांनी दिवाळीआधी दिवे लावायचं कबूल केलं.

बाहेर आल्यावर मिनती मला म्हणते, तुमची गुजराती फार कच्ची आहे.

तर बाई, गुजराती पक्की करते. रविवार चुकवणार नाही. आणि मुलांनी पुन्हा खाली बसवलं, तर आनंदाने बसेन, हा माझा शब्द.

तुमची विद्यार्थिनी,
कविता