गाडी फिरवून लाव

गिरगाव,
शनिवार, २३ एप्रिल १९६०

प्रिय श्याम,

चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. त्याची क्षमा कुठल्या शब्दांत मागावी हे ठरवण्यातच हा आठवडा गेला, म्हणून आता शब्द न ठरवताच बसलो आहे. दर दिवाळीला तुझं कार्ड येतं. दर दिवाळीला ते मी डायरीत ठेवतो आणि उत्तर उद्या लिहू म्हणतो. वेळ नव्हता असं म्हणवत नाही. विमा कंपनीतल्या माणसाला पत्र लिहायला वेळ मिळत नाही, हे तुला पटणार नाही आणि मलाही पटत नाही. हल्ली मात्र ऑफिसातून येऊन बूट काढायला बसलो की एक बूट काढून तसाच अर्धा अर्धा तास बसून राहतो. नलू येते, दुसरा बूट काढायची आठवण करते आणि जाते. ती आता बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. उंचीने आईवर गेली, बोलण्यात मात्र माझ्यावर. प्रत्येक वाक्य दोनदा तपासते.

वाडी तशीच आहे. पुढच्या रविवारी महाराष्ट्र राज्य होणार म्हणून कमान उभारायची आहे, आणि ती ठाकुरद्वाराच्या बाजूला की आतल्या चौकात, यावर दोन सभा झाल्या. भाडेकरू संघाचा सचिव अजून मीच आहे, कारण दुसरं कोणी ते काम घेत नाही. आपला गुणाजी पहाऱ्याच्या स्टुलावर बसून रोज विचारतो, “मुंबय आपली झाली खरी साहेब, पण नळाक पाणी कधी येतला?” दुर्गामावशी चौकात पापड वाळत घालतात, बरोबर तुझी गाडी उभी राहायची त्या जागी. आणि त्या पापडांच्या वर, भिंतीवर, माझी पाटी अजून आहे. ‘सर्व वाहने भिंतीकडे तोंड करूनच उभी करावीत. हुकुमावरून.’ अक्षर माझंच, काळ्या रंगात. उन्हाने ‘हुकुमावरून’ तेवढं पुसत आलंय.

सर्व वाहने! वाडीत वाहन एकच होतं, तुझी ती जुनी मॉरिस. तू पाटीकडे बघून म्हणाला होतास, “शरद, बहुवचनाबद्दल आभारी आहे. नुसतं ‘श्यामकांतने’ असं लिहिलं असतंस तर जास्त लागलं असतं.” तेव्हा मी हसलो होतो.

पाटीच्या आधी तू गाडी रिव्हर्स घेऊन लावायचास, तो वाडीचा रोजचा खेळ होता. तू दवाखान्यातून आलास की गॅलऱ्या भरत. “येवा डाक्टर, येवा, अजून येवा,” गुणाजी दोन्ही हातांनी बोलवायचा. दुर्गामावशी वरून ओरडायच्या, “अरे, माझी तुळस! श्याम, तुळशीला हात लावलास तर तुला कोबीचं भानोलं बंद!” कुणी डावीकडे म्हणे, कुणी उजवीकडे, आणि तू मान वळवून कुणाचंही न ऐकता गाडी बरोबर भिंतीपासून वीतभर अंतरावर आणून ठेवायचास. कालिंदी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेवटचं “बस्स!” म्हणायची. तेवढं मात्र तू ऐकायचास.

तीच खिडकी सगळ्याला कारण झाली. गाडीची पाठ भिंतीला, म्हणजे धुराची नळी बरोबर आमच्या खिडकीखाली. सकाळी तू गाडी चालू केलीस की दोन मिनिटं घरात धूर, आणि कालिंदीचा दमा तर तू तिच्या लग्नापासून बघत होतास. मी त्या प्रश्नाचा दोन्ही बाजूंनी विचार केला होता, श्याम. डायरीत पानाच्या मधोमध रेघ मारून एका बाजूला ‘सरळ लावण्याचे फायदे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘रिव्हर्स लावण्याचे फायदे’ असं लिहिलं होतं. तुझ्या बाजूला मुद्दा एकच होता, पण मोठा होता. तुझ्या गाडीची बॅटरी म्हातारी, थंडीत स्टार्टर घेत नसे, पुढून हँडल मारावं लागे. चौक इतका आखूड की गाडी सरळ आत घेतली तर बंपर भिंतीला टेकल्याशिवाय मागून नळावर जायला वाट उरत नसे. मग हँडल घालायचं कुठे? तू हे मला दोनदा सांगितलंस. मी म्हटलं, नवी बॅटरी बसव. तू खांदे उडवलेस आणि ऐकलंस.

कालिंदीने तक्रार केली नव्हती, हे मी तेव्हा तुला सांगितलं नाही. आज सांगतो. तिने मला बजावलं होतं, “उगाच त्यांच्या मागे लागू नका हं. दोन मिनिटं खिडकी ओढून घेते ना मी.” सचिव झाल्यावर मी केलेला तो पहिला नियम. बायकोसाठी केला असं स्वतःला सांगितलं. आता वाटतं, अर्धा तिच्यासाठी केला असेल आणि अर्धा, आपला शब्द भिंतीवर लागतो का ते बघण्यासाठी. नक्की किती कशासाठी, हे चार वर्षं विचार करूनही ठरत नाही.

गेल्या महिन्यात मी शिवाजी पार्कला आलो होतो. तुझ्या बिल्डिंगसमोर पाऊण तास उभा होतो. तुझा पत्ता पाठ आहे, वरही येता आलं असतं. आलो नाही. रस्त्यावरच्या आणि आवारातल्या गाड्या मोजत राहिलो, सात होत्या. चार तोंड आत करून, तीन तोंड रस्त्याकडे करून. नवी फियाट तुझीच असावी, काचेवर डॉक्टरांचा लाल क्रॉस होता. ती रिव्हर्स घेऊन लावलेली होती, कुंपणापासून वीतभर. तिला आता हँडल लागत नसेल. तरी तू ती तशीच लावतोस. मी परत येऊन डायरीत एवढंच लिहिलं, ‘श्यामची गाडी पाहिली.’

आता त्या मंगळवारबद्दल. आपण दोघं त्याबद्दल कधीच बोललो नाही. सतरा जानेवारी, छप्पन्न साल. आदल्या संध्याकाळी रेडिओवर जाहीर झालं होतं की मुंबई महाराष्ट्राला नाही, आणि सकाळपासून ठाकुरद्वाराच्या नाक्यावर दगड आणि अश्रुधूर सुरू होता. वाडीतले धडधाकट पुरुष सगळे बाहेर रस्त्यावर. नलू संक्रांतीसाठी आत्याकडे दादरला गेलेली, तिथेच अडकली. साडेदहाच्या सुमारास तो धूर वाडीत शिरला. मी सगळ्या खिडक्या लावल्या, फटीत ओली फडकी कोंबली. तरीही कालिंदीला धाप लागली, आणि ती नेहमीची नव्हती. तू दोन इंजेक्शनं दिलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, “प्राणवायू लागेल. गाडी काढतो.”

स्टार्टर नुसता खरखरला. बंपर भिंतीला टेकलेला, हँडल घालायला हातभर जागा नाही. चौकाचा उतार गटारासाठी भिंतीकडे केलेला, म्हणजे गाडी मागे ढकलायची ती चढावर. तू, गुणाजी आणि नऊवारीचा काष्टा मारून साठीच्या दुर्गामावशी, असे तिघं ढकलत होता. मी कालिंदीला पाठीशी धरून ओट्यावर बसलो होतो. गटाराच्या फुटक्या फरशीत चाक अडकलं. गुणाजीने ते पाट घालून काढलं. आमच्याच घरातला जेवायचा पाट. मग मोकळ्यावर तू हँडल मारलंस आणि चौथ्या फेऱ्याला इंजिन लागलं. मी घड्याळ बघत होतो, सवयीनं. बावीस मिनिटं गेली. हॉस्पिटलचं फाटक दिसलं तेव्हा कालिंदीने माझा हात सोडला होता. मला वाटलं, तिला जरा बरं वाटतंय.

तेराव्याला तिचा भाऊ रघुवीर सर्वांदेखत विचारत होता, “डॉक्टरची गाडी, आणि ऐन वेळी निघत नाही म्हणजे काय?” तू म्हणालास, “चूक माझी. बॅटरी महिनाभर कुरकुरत होती.” सगळे तुझ्याकडे बघत होते आणि तू चटईकडे. मी तिथेच, तुझ्यापासून दोन हातांवर बसलो होतो. माझ्या तोंडात शब्द आला होता, हे मला पक्कं आठवतं. पण मी तो बोललो नाही. दुःखात माणसाला बोलवत नाही, असं लोक समजले. मीही पुढे तसंच समजायला लागलो. रघुवीर राहतो मागच्या चाळीत, त्याचं बोलणं चार वाड्यांत जातं. तुझ्या दवाखान्यातली बाकं रिकामी होऊ लागली. गणपतीनंतर तू शिवाजी पार्कला गेलास. सामान भरताना गुणाजी तेवढा मदतीला होता. मी ऑफिसात होतो. रजा घेता आली असती.

गेल्या रविवारी सभा होती. एक मेपासून वाडीच्या दिवाणखान्यात मोफत दवाखाना सुरू करायचा ठराव आहे. डॉक्टर कोण, असं निघाल्याबरोबर दुर्गामावशी म्हणाल्या, “कोण काय? आपला श्याम आहे की! बोलवा त्याला परत.” रघुवीर उठला. “मावशी, तुम्ही विसरलात, मी विसरलो नाही. ज्याची गाडी वेळेवर निघाली नाही, त्याच्या हातात वाडीचा दवाखाना द्यायचा? माझी बहीण गेली त्यात.” सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण बायको माझी होती. मी मान खाली घालून लिहीत होतो. इतिवृत्तात लिहिलं, ‘डॉ. श्यामकांत यांच्या नावाची सूचना आक्षेप आल्याने मागे घेण्यात आली.’ अक्षर छान आलंय. जेवताना नलूने विचारलं, “बाबा, डॉक्टरकाकांचं नाव का हो गाळलं?” मी म्हटलं, मामाला विचार. पोरीने ताटावरून वर बघितलं आणि दोनदा तपासल्यासारखं माझ्याकडे बघून पुन्हा जेवायला लागली. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

त्या रात्री मी छप्पन्नची डायरी काढली. त्या वर्षी जानेवारीनंतरची पानं कोरी आहेत, म्हणून ती पुन्हा उघडली नव्हती. सोमवार, सोळा जानेवारीचं पान जसंच्या तसं उतरवून देतो: ‘ऑफिस. कालिंदीला बरं आहे. संध्याकाळी श्यामने गाडी रिव्हर्स घेऊन लावली. म्हणाला, उद्या गडबड होणार, लागली तर पटकन काढता आली पाहिजे. मी म्हटलं, नियम आजच्यासाठी आणि उद्यासाठी सारखाच, गाडी फिरवून लाव. त्याने पाटीकडे बघितलं. मग फिरवली. कालिंदीची खिडकी उघडी राहिली. समाधान वाटलं.’

तुला हे नवीन नाही. तू तर स्टिअरिंगवरच होतास. नवीन आहे ते एवढंच, की मला हे सगळं शब्दशः आठवत होतं, त्या तेराव्यालासुद्धा. तू तेव्हा एक वाक्य बोलला असतास, “शरद, गाडी तूच फिरवायला लावलीस,” तर आज वाडीत कुणी तुझ्याकडे बोट दाखवलं नसतं. तू बोलला नाहीस, आणि तुझं ते न बोलणं मी चार वर्षं फुकट वापरलं. कदाचित तू म्हणशील की बावीस मिनिटं आधी पोचलो असतो तरी काही उपयोग नव्हता. डॉक्टर म्हणून तुला ते माहीत असेल. पण कृपा करून मला तसं लिहू नकोस. खरं असलं तरी नको, आणि माझ्या समाधानासाठी असलं तर मुळीच नको.

हे पत्र तू परत यावंस म्हणून लिहीत नाही. दवाखाना घे किंवा नको घेऊ, तो तुझा प्रश्न. लिहितो आहे ते एवढ्यासाठी की उद्या संध्याकाळी पाचला पुन्हा सभा आहे आणि पहिला विषय आहे, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. वाचायचं मला आहे. तुझं नाव सर्वांसमोर गेलं, तर ते सर्वांसमोरच परत आलं पाहिजे. रघुवीर समोर असेल, नलूलाही ये म्हणून सांगितलंय. माझा स्वतःवर भरवसा उरलेला नाही, ऐन वेळी खोकला येईल, चष्मा सापडणार नाही. म्हणून तुला आधी कळवून ठेवतो आणि हे पत्र आताच नाक्यावरच्या पेटीत टाकून येतो. एकदा ते पेटीत पडलं की उद्या मी वाचलं नाही, हे निदान एका माणसाला तरी कळेल, आणि तो माणूस तू असशील.

तुझाच,
शरच्चंद्र

ता. क. आजच्या डायरीत एवढंच लिहिलंय, ‘उद्या: इतिवृत्ताआधी सोळा जानेवारीचं पान उभं राहून वाचणे.’