होडीवरची ताडपत्री

शिरूर,
८ सप्टेंबर २०२४

ती. एबनेझर काकांना जस्मिनचा सलाम, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तुम्ही कपाटात जपून ठेवलंय, म्हणून पत्र. पप्पांना न सांगता लिहितेय. मम्मीच्या मातीच्या दिवशी तुम्ही नको ते बोलून ताटावरून उठलात, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून तुम्ही दोघे सख्खे भाऊ बोलत नाही. त्यात मी पडत नाही. मला एक कामाचं विचारायचंय.

पप्पांनी नेव्हीतून आल्यावर अंगणात बांधलेली शिडाची होडी तुम्हाला माहीतच आहे, मम्मीचं नाव दिलेली 'हेलन'. तिचा डेक कुजला होता. यंदा पप्पांनी जुना डेक काढून नवीन प्लाय बसवला. त्यावर पाणी आत शिरू नये म्हणून रेझिनच्या लेपाचे थर द्यायचे असतात आणि ते वाळेपर्यंत ओल अजिबात चालत नाही. मी रांजणगावला कंपनीत, त्यात सेकंड शिफ्ट, म्हणून शेजारच्या संपतमामांना हाक मारली. ते मूळचे केंदूरचे, भुशाचे ढीग झाकण्यात हात बसलेला. भुसा झाकतो तशीच झाकू, वारंसुद्धा शिरणार नाही, असं म्हणाले. मग पप्पांनी दिलेला थर वरून सुकल्यावर आम्ही ताडपत्री डेकवर घट्ट ओढली, कडा खाली दुमडल्या, वर दगड ठेवले, फटी चिखलानं लिंपल्या. मला काय अभिमान वाटला होता!

चार दिवसांनी उघडलं. वरून पाणी शिरलं नव्हतं, पण आतून सगळं घामानं चिंब. रेझिन दुधासारखं पांढरं पडलेलं आणि कोपऱ्यांत बुरशी. पप्पांनी नखानं थोडं खरवडून पाहिलं. मग म्हणाले, हे सगळं घासून काढू. एका थरापुरतं रेझिन उरलंय. तेही वाया गेलं तर पुन्हा मागवायचं नाही, होडी भंगारवाल्याला द्यायची. काका, ते खरंच देतील. आणि होडी गेली तर हा माणूस सकाळी उठायचा कशासाठी? मला भीती वाटते.

तुम्ही एकतीस वर्षं दौंडच्या मालधक्क्यावर वॅगनींवर ताडपत्र्या बांधल्यात. कशी बांधायची ते सांगा. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पण उत्तर पाठवा.

तुमची,
जस्मिन

दौंड,
१३ सप्टेंबर २०२४

चि. जस्मिनला काकाचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. आधी हसलो, मग तुझी कीव आली. अगं येडे, होडी म्हंजी भुसा हाय व्हय? संपतरावांना माझा नमस्कार सांग आन् त्यांना होडीपासनं लांब ठेव.

आता नीट वाच. उघड्या वॅगनीतनं गुळाच्या ढेपा जायच्या तवाचं सांगतो. ताडपत्री मालाला चिकटली की माल गेला. दिवसा ऊन तापवतं, राती गार पडतं, आन् आतल्या आत पाणी सुटतं. म्हणून मधी उंच आढं पायजे. दोन टोकांना बांबूच्या कैच्या उभ्या कर, त्यावर लांब दांडा आडवा टाक आन् ताडपत्री छपरागत दोन्ही अंगाला सोड. डेकपासनं हातभर वर राहू दे. दोन्ही तोंडं उघडी ठेव, वारं आरपार गेलं पायजे. दोर होडीला बांधायचे न्हाईत, जमिनीत खुंट्या ठोक. गाठीचं चित्र कागदाच्या मागं काढलंय. वॅगनीची गाठ हाय, ओढ बसंल तशी आवळती. मिरजेपातूर कवा सुटली न्हाई.

विल्यमला माझं नाव सांगू नको. त्या दिवशी मी चारचौघांत बोललो, की बायको आजारी पडली तरी हा लाकूडच घासत बसला. बोललो ते बोललो. त्याचं त्याच्यापाशी, माझं माझ्यापाशी. हे फक्त तुझ्यासाठी लिवलंय.

थर दिल्यावर कसं झालं ते लगेच कळव. उगीच माझ्या जिवाला घोर लावलास.

तुझा काका,
एबनेझर

शिरूर,
२९ सप्टेंबर २०२४

ती. काकांना सलाम.

जमलं! तुम्ही म्हणालात तेवढा लांब बांबू कुठं मिळेना, म्हणून भिंतीशी पडलेली होडीची डोलकाठीच आढ्याला घातली. तिला पप्पा कुणाला हात लावू देत नाहीत. ओरडतील म्हणून मी कान झाकून उभी होते, पण त्यांनी स्वतःच तिचं दुसरं टोक उचलून धरलं. दुसऱ्या दिवशी ऊन बघून शेवटचा थर दिला आणि तिसऱ्या दिवशी पाऊस असा कोसळला की अंगणाचं तळं झालं. मी कंपनीत, सगळं लक्ष घरी.

पाऊस थांबल्यावर आम्ही दोघं एका तोंडानं वाकून आत गेलो. डेक कोरडा ठणठणीत आणि काचेसारखा चकचकीत. पप्पांनी त्यावरून हात फिरवला. मग बाहेर येऊन ते गाठीपाशी किती वेळ थांबले! कुणी शिकवली, म्हणून विचारलं. मी यूट्यूब म्हणून सांगितलं. त्यावर त्यांनी विचारलं, की यूट्यूबला दौंडचा मालधक्का कधीपासून माहीत झाला? खोटं बोलायची मला सवय नाही, काका, मी पकडले गेले. आता ते माझं पेन घेऊन बसलेत. कुणाला लिहिताहेत ते विचारायची माझी हिंमत नाही.

लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची,
जस्मिन

शिरूर,
२ ऑक्टोबर २०२४

दादा, सलाम.

मी नेव्हीत निघालो तेव्हा तू माझ्या पेटीला हीच गाठ मारली होतीस. विशाखापट्टणमला गेल्यावर ती सुटेना. शेवटी दोर कापला आणि महिनाभर तुला शिव्या दिल्या. म्हणून ओळखली.

त्या दिवशी तू जे बोललास त्याचं उत्तर आज देतो. शेवटी शेवटी हेलनला घरात दम लागायचा. मोकळ्यावर बरं वाटायचं, म्हणून मी तिची खुर्ची होडीत ठेवली होती. ती दिवसभर तिथं बसायची आणि कुठं खरखरीत राहिलंय ते मला दाखवायची. ती तिथं होती म्हणून मी लाकूड घासत होतो. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू ताटावरून उठलास, आणि मला जो राग आला तो गेलाच नाही.

डेक चांगला झालाय. ताडपत्री उतरवायचीय, पण दोर भिजून इतका आवळलाय की गाठ माझ्या हातानं सुटत नाही, जस्मिनच्याही नाही. पुढच्या रविवारपर्यंत थांबतो, मग चाकू लावतो.

विल्यम

दौंड,
७ ऑक्टोबर २०२४

विल्यम,

चाकू लावशील तर खबरदार. चांगला दोर कापत्यात व्हय? शुक्रवारी पहिल्या एसटीनं निघतो. कानाचं मशीन घालून येतो, म्हंजी तुला ओरडाय लागायचं न्हाई.

मला हे ठाऊक न्हवतं रे. माझी चूक झाली.

हेलनची खुर्ची होती तिथं ठेव. ती कुणीकडं तोंड करून बसायची ते मला बघायचंय.

दादा