कॉम्प्युटरला पाठ झालेलं उत्तर

मेस्त्री, न्हाय, मला कुणी फसवलेलं न्हाय. माझ्या पायानं गेलतो. रिटायर झालो, फंडाचं पैसं हातात आलं तवा जावई म्हणाला, शाहूपुरीत एक हापिस हाय, तिथला कॉम्प्युटर माणसामाणसाला बघून सल्ला देतोय, पैसं कुठं घालायचं त्याचा. तिथली पोरगी म्हणाली, "काका, आधीच्या लोकांनी काय उत्तरं दिली, पुढं काय केलं, त्यावरनं हा स्वतःच शिकतो. मग तुमच्यापुरता सल्ला काढतो." म्हटलं, इचार. वय इचारून झालं, पोरंबाळं इचारून झाली, मग तिनं पुढचा सवाल वाचला, "बाजार पडून पैसे निम्मे झाले तर काढून घेणार, थांबणार, का आणखी घालणार?" मागं बाकड्यावर आपल्या फौंड्रीतलीच चौघं बसल्याली. एकजण वरडला, "काढून घील त्यो! घाबरतंय म्हातारं!" मी म्हटलं, "आणखी घालणार की. लिव." माझ्या मागनं चौघांनीबी तेच सांगितलं. कोण कमी पडतंय?

तुमी आज हयात असतासा तर तिथंच कानफडात दिला असतासा. नव्वद सालाच्या आधी मला साच्यावरनं भट्टीवर घेतलासा, त्यो दिवस ध्येनात हाय. लोखंडाचा रस डोळ्याम्होरं उकळतोय आणि तुमी इचारताय, "भ्या वाटतंय काय रं?" मी छाती काढून म्हणतोय, "न्हाय." तुमी दंडाला धरून मला भाईर काढताय. "जा घरी. भ्या न वाटणारा माणूस हितं नको. त्यो दुसऱ्याला भाजवतोय." दुसऱ्या दिवशी "वाटतंय" म्हणालो, तवा स्वतःचं हातमोजं काढून दिलासा.

आता दोन हजार सात सरत आलंय. बाजार नुसता वर चाललाय, बाकड्यावरली पेढं वाटाय लागल्यात. दर महिन्याला कॉम्प्युटरचा कागद येतोय, बँकेतलं आणखी काढा, हिकडं घाला. मी सही करतोय. बायकोच्या गुडघ्यांचं आपरेशन उन्हाळ्यात ठरलंय, त्याचं पैसंबी त्यातच गेलं. परवा उत्तर बदलाय गेलतो. पोरगी म्हणाली, "तो प्रश्न आता येतच नाही, काका. पाठ झालंय त्याला. इकडची माणसं घाबरत नाहीत, असं शिकलाय तो." मग हसून म्हणाली, "मी हातानं बदलू का? भीती वाटते तुम्हाला?"

बाकडं भरल्यालं. मी न्हाय म्हणालो.

हातमोजं अजून खुंटीला हायत. बायकोला काय सांगितलेलं न्हाय. ही चिठ्ठी तुमास्नी धाडायची तरी कुठं? बास. ह्याच्या म्होरं मी एक अक्षर लिवणार न्हाय.