ज्या दिवशी त्याने मारलं नाही

बाई, तुमचा दमा कसा आहे? सरांचे गुडघे? तुमच्याआधी गेलेल्या धाकट्या बहिणीची साखर? मेलेल्यांना प्रकृती विचारू नये म्हणतात, पण मला तुमच्याशी भांडायचंय, आणि आजारी माणसाशी मी भांडत नाही.

कोपरीतलं आपलं समुपदेशन केंद्र, नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी शिकलेली सातवी; बाकी सगळं तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसून शिकले. तुम्ही नवं तंत्र शिकून आला होतात. "अगं, जखम उकरत बसायचं नाही. बरं कधी चाललं होतं ते विचार, आणि तेच वाढव." मला पटलं. समोर खाडीकाठची कोळीण बसली आहे, मासळीची पाटी दाराबाहेर. नवरा मारतो. तुम्ही विचारता, "ज्या दिवशी त्याने मारलं नाही, त्या दिवशी तू काय वेगळं केलंस?" ती आठवून आठवून सांगते, "त्या दिशी मी तोंडच उघडला नाय, बाय." "मग आठवडाभर हेच करून बघ." पुढच्या मंगळवारी ती हसत आली. "एकदाच मारला, बाय!" दहापैकी किती बरं वाटतं विचारलं, तर म्हणाली, सहा. आपण खूश, 'शाब्बास' म्हणून मोकळे. अहो, तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तोंड दाबणारा हात आपला!

महिन्याभरात तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. मी रडत तुम्हाला सांगितलं, तर चष्मा पुसत म्हणालात, "बोलली असेल काहीतरी." बाई, तेव्हा तळपायाची आग मस्तकाला गेली, ती अजून उतरलेली नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! शेवटी मीच तिच्या घरी गेले, उजव्या कानाशी वाकून विचारलं, त्या न मारलेल्या दिवशी घरात कोण होतं गं? "ठाकुर्लीची सासू आलेली ना. तिच्यासमोर हात उचलायची त्याची टाप नाय." उत्तर तिच्या पदरात होतं, आपण विचारलंच नव्हतं. सासूला कायमची आणून ठेवली तेव्हा मार थांबला. कान गेला तो गेलाच. आजही मी तुमचाच प्रश्न विचारते, फक्त 'तू काय वेगळं केलंस'च्या जागी 'घरात कोण होतं' घालून.

हे पत्र ट्रंकेतच राहणार, म्हणून खरं लिहिते. ती सहा म्हणाली तेव्हा 'शाब्बास' तुम्ही म्हणाला नव्हतात. मी म्हणाले होते, तिच्या पाठीवर थाप देऊन. तुम्ही मला तिथेच का अडवलं नाहीत? लवकर कळवा.