लॅपटॉप, डेस्कटॉप आणि चार वाजताचा डाव

३ जून
आजपासून रोजनिशी. निर्णय मोठा आहे. एम.एस्सी.साठी परगावी जाताना नवा लॅपटॉप घ्यायचा, की बाबांचा डेस्कटॉप न्यायचा? लोक असले निर्णय भावनेच्या भरात घेतात. मी एक्केचाळीस मुद्द्यांचा तक्ता करून भिंतीला लावलाय. प्रवेश पक्का करायची शेवटची तारीख वीस जून. वेळच वेळ आहे. परवापर्यंत निकाल लावतो.

५ जून
निकाल नाही. मुद्दा सात (की-बोर्डचा आवाज) अवघड निघाला.
ताईचा फोन. बाबांना जाऊन तीन महिने झाले, तू त्यांच्या खुर्चीत बसून तक्ते कसले करतोस, आधी प्रवेश घे, म्हणाली. यंत्र ठरल्याशिवाय प्रवेश घेणं अशास्त्रीय आहे, असं सांगितलं. तिने फोन ठेवला. पटलं असावं.

८ जून, संध्याकाळी
विचित्र प्रकार. बाबा रोज चार वाजता, चहा होईपर्यंत, कॉम्प्युटरवर एकट्याने पत्त्यांचा एक डाव खेळायचे. किती डाव झाले तो आकडा तिथे दिसतो. ते गेले त्या दिवशी मी पाहिला होता. ४,११२. पाठ आहे.
आज उघडून बघतो तर ४,२०९.
मी खेळत नाही. घरात दुसरं माणूस म्हणजे आई, आणि तिला कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नाही. सॉफ्टवेअरचा दोष.

९ जून
४,२१०. चार वाजता मी रोजच्यासारखा दुकानात लॅपटॉप हातात घेऊन वजन बघत होतो. आता तुम्हीच काउंटरवर बसा, असं दुकानदार म्हणाला. माझ्या अभ्यासाचा त्याच्यावर प्रभाव पडलाय.

११ जून
४,२१२. मी विज्ञानाचा पदवीधर आहे, भुताखेतांवर विश्वास नाही. दुकानातून आलो तेव्हा बाबांच्या खुर्चीची उशी कोमट लागली. ऊन येत असेल. (त्या खोलीत ऊन येत नाही.)

१३ जून
नवा मुद्दा, बेचाळिसावा: बाबांची इच्छा. खोलीत कोणी नसताना मोठ्याने सांगितलं, बाबा, डेस्कटॉप न्यावा असं वाटत असेल तर उद्याचा डाव जिंका. बोलताना आवाज चिरकला. धुळीची अ‍ॅलर्जी.

१४ जून
जिंकलेल्या डावांचा आकडा कालचाच. हरले. तीनपैकी दोन धरायचं ठरवलं.

१५ जून
हरले. पाचपैकी तीन.

१६ जून
पुन्हा हरले. बाबा इतकं वाईट कधीच खेळत नसत. काळजी वाटते.

१८ जून
आज शोध लावायचाच. दुकानात जातो सांगून दाराआड थांबलो. बरोबर चारला आतून माउसची टिकटिक. खुर्ची करकरली, बाबा टेकून बसले की करकरायची तशी.
आत गेलो नाही. भुताची भीती नव्हती. आत कोणीच नसलं तर काय, याची होती. दुकानात निघून गेलो.

२० जून
चारला दार ढकललं. आई होती. बाबांचा चष्मा लावून. हा काळा गुलाम कुठे जातो रे, म्हणाली.
ह्यांनीच शिकवलं होतं म्हणे. खेळ तिला मुळीच आवडत नाही, जमतही नाही. मग का खेळतेस, विचारलं. ह्यांचा रोज एक व्हायचा, तो आकडा थांबलेला मला बघवेना, म्हणाली. मी काळा गुलाम लाल राणीवर ठेवून दिला.
मग तीच म्हणाली, हा इथेच राहू दे, तू लॅपटॉप घे. तेव्हा आठवलं, आज वीस तारीख, आणि प्रवेशाची मुदत तीनलाच संपली. तसं तिला सांगितलं.
तो बारा तारखेलाच पक्का केलाय, म्हणाली. ताईने फोनवर सांगितलं, आईने बटणं दाबली. पासवर्ड? तक्त्यावर होता. मुद्दा एकोणतीस: सुरक्षा.

२ जुलै, हॉस्टेल
लॅपटॉप कसा निवडलास, असं खोलीतल्या सोबत्याने विचारलं. बेचाळीस मुद्द्यांवर, म्हणालो.
चार वाजता चहा घेऊन बसलो. यातही तोच खेळ आहे. खेळलेले डाव: ०. त्या शून्याकडे बघवेना. आईला फोन केला. तिकडे ४,२३३ झाले होते.
मग मीही एक खेळलो. हरलो. चहा गार झाला होता.