पुढचा डबा तापतो

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईसाठी चाकांची खुर्ची, तीही सायकलच्या ब्रेकसकट. तुझ्या शाळेची घंटा. क्वार्टरच्या आवारातला हातपंप. वजनकाट्याजवळचं फाटक, जे एका बोटाने उघडतं. आणि गाडा: भंगारातलं इंजिन, जुन्या जीपचा मागचा आस, पुढे सरळ दांडा, पत्र्याच्या दोन सीट. हे सगळं मी या दोन हातांनी केलं. ड्रॉइंग नाही, मास्तर नाही, सर्टिफिकेट नाही. यादी तुला तोंडपाठ आहे, पण इथे ती ऐकायला आता कुणी उरलं नाही, म्हणून तुला लिहितो.

कारण नवी गाडी आली आहे. दोन सीट शेजारी शेजारी, जाड टायर, पिवळा रंग. खडकातून चालण्यासाठीच बनवलेली. खाणीतले लोक तिला जोडसीट म्हणतात. आजवर भाऊजी खाली सुरुंगाची वात पेटवायचे आणि मी त्यांना गाड्यात घालून वर आणायचो. वात सात मिनिटांची, गाडा तीन मिनिटांत वर. नऊ वर्षांत एकदाही चुकला नाही. आता मालक म्हणतात, गाडा पुरे झाला.

जोडसीटचे पहिले पंचवीस तास माझ्याकडे दिले आहेत. याला रनिंग-इन म्हणतात, म्हणजे नवी गाडी मुरवणं. जोर लावायचा नाही, एकाच वेगाने चालवायची नाही, दहा तासांनी नट-बोल्ट आवळायचे, तेल बदलायचं, काय तापतं ते हाताने बघायचं आणि वहीत लिहायचं. मी बघितलं. पुढचा डिफरन्शियल तापतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्याला कमी फिरू देणारे गिअर ज्या डब्यात असतात, तो डबा. चढ चढून आल्यावर त्यावर हात ठेवून तीन आकडेही मोजता येत नाहीत. मी तसं वहीत लिहिलं. मॅनेजर सगळ्या ऑफिसात म्हणाला की गाड्याला सवत आली आणि ताप गाड्याच्या बापाला चढला. सगळे हसले.

मी तापतो लिहिलं तर जळतो म्हणतात. नाही लिहिलं तर त्या गाडीत तुझा नवरा बसतो. काय करू ते कळव.

हिचा नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव, त्याला रनिंग-इन लागत नाही.

तुझा,
पान्या


ता. १० फेब्रुवारी

चि. पान्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं आणि मग प्रयोगशाळेत दोन काचेच्या नळ्या फोडल्या. भरपाई तुझ्याकडून घेईन.

आधी एक विचारते. तीन आकडे म्हणजे कुणाचे? लपाछपीत तू दहा मोजून डोळे उघडायचास तेव्हा मी अजून लपायची जागाही ठरवलेली नसायची. हाताच्या अंदाजावर माझा विश्वास नाही, तुझ्या हाताच्या तर मुळीच नाही, कारण तो हात सध्या रुसला आहे. म्हणून सोबत शाळेतला एकशेदहा अंशांचा थर्मामीटर पाठवते. लोकरीच्या मोज्यात गुंडाळला आहे. मोजा तुझाच आहे, मागच्या वेळी विसरलास तो. थर्मामीटर परत हवा, मोजा ठेवून घे.

आता रागावू नकोस. गाडीत खरंच दोष आहे, की गाड्याला वाईट वाटतंय? तुझ्या गाड्याचा डबा किती तापतो हे तू नऊ वर्षांत एकदा तरी बघितलंस का? प्रयोगात नेहमी दोन भांडी ठेवतात. एकाच भांड्याकडे बघून कुणी काही सिद्ध करत नाही.

हे मी उगाच विचारत नाही. तुझ्या भाऊजींना नोकरीतून सुटायला बारा महिने राहिले. ते काम नाकारणार नाहीत. नाकारलं तर क्वार्टर जाईल, फंड अडकेल आणि आम्ही पुन्हा माझ्या सासूबाईंच्या दोन खोल्यांत. ते तिथे अडकलेत, मी इथे. म्हणून मला तुझा रुसवा नको, आकडा हवा.

भावजयीला म्हणावं, याला वेळेवर जेवायला घाल, रिकाम्या पोटी हा फार तत्त्वाचं बोलतो.

आशीर्वाद आहेतच. माया कमी पडली असं वाटलं तर पुढच्या पत्रात मागून घे.

तुझी,
ताई


ता. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

थर्मामीटर पोचला. मोजा माझा नाही.

तू विचारलंस ते मला लागलं, हे लिहून ठेवतो आणि पुढे जातो. तेल भरायच्या भोकातून थर्मामीटर सोडून मोजलं. जोडसीट, चढ चढून आल्याबरोबर: पुढचा डबा शहाण्णव, मागचा बासष्ट. गाड्याला पुढे डबा नाहीच, सरळ दांडा आहे. मागचा डबा एकसष्ट. झाली दोन भांडी?

आणखी ऐक. दहा तासांनी पुढच्या डब्याचं तेल बदललं. खालच्या बुचाला लोहचुंबक असतो. नव्या गाडीत त्यावर काजळीसारखी बारीक भुकटी जमतेच, गिअर एकमेकांना घासून बसत असतात. पण इथे भुकटीत कापलेल्या नखांएवढे तुकडे निघाले. ते मी कागदात बांधून ठेवले आहेत. वहीत आता माझ्या नऊ नोंदी आहेत आणि प्रत्येकीखाली लिहिलं आहे, यंत्रात दोष.

पुढच्या महिन्यापासून दोन नवे ड्रायव्हर पाळीपाळीने जोडसीट चालवणार. शिकवायचं काम माझ्याकडेच. दोघंही परवानाधारक, दोघंही मला काका म्हणतात आणि पाठ वळली की गाड्याचा बाप. त्यांना मी शिकवलं आहे की चढ लागला की लाल बटण दाबायचं. त्याने पुढची दोन्ही चाकं एकत्र जखडतात, याला लॉक म्हणतात, एक घसरलं तरी दुसरं ओढतं. उतरताना पण दाबून ठेवायचं. माझा गाडा जन्मभर असाच, मागची दोन्ही चाकं जखडून चालला. एवढं तरी ते माझं ऐकतात.

क्वार्टरच्या खिडकीतून खाणीची भिंत दिसते, बाकी काही दिसत नाही. ही म्हणते, तू पूर्वी त्या भिंतीकडे बघत नव्हतास.

भाऊजी मजेत. लोभाची आठवण करून देत नाही, तुला सगळं लक्षात असतं हेच तर दुखणं.

तुझा,
पान्या


ता. २३ फेब्रुवारी

चि. पान्यास,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राबरोबर ह्यांचंही पत्र आलं. दोन ओळी. जशाच्या तशा देते. मंगळवारी वात पेटवून जरा पायी फिरायला गेलो, पान्या सोबत होता. हवा छान होती.

सव्वीस वर्षांच्या संसारात हा माणूस हौसेने नळापर्यंत चालत गेलेला मी पाहिला नाही. म्हणून वजनकाट्यावरच्या कारकुनाच्या बायकोला फोन केला. तिने सांगितलं की दुसऱ्या वळणावर गाडीचं स्टिअरिंग जड झालं, पुढून घरघर आली, तू गाडी थांबवलीस आणि दोघंही साठ पावलं पळत जाऊन मोठ्या दगडाआड बसलात. वर दगडांचा पाऊस पडला. तू मला अख्खं पत्र लिहिलंस. बुचाचं लिहिलंस, भुकटीचं लिहिलंस, मोजा कुणाचा तेही लिहिलंस. हे लिहिलं नाहीस.

मला घाबरवायचं नव्हतं, असं म्हणशील. मी घाबरलेलीच असते. रोज दुपारी बारा वाजता, सुरुंगाच्या वेळी, मी प्रयोगशाळेत काय धुते ते मला कळत नाही. त्यात नवीन काही नाही.

आता नीट ऐक. आमच्याकडे मुलं प्रयोगाच्या वहीत निष्कर्ष आधी लिहितात आणि कृती नंतर जुळवतात. मी ती पानं परत करते. तुझ्या नऊ नोंदी मला तशाच वाटतात. डबा किती तापला ते तू लिहितोस, पण त्या वेळी तुझा हात काय करत होता ते एकाही ओळीत नाही. गाडी एकटी चालत नाही, पान्या. शेजारी कुणाला तरी बसव. त्याने तुझ्या हाताची प्रत्येक हालचाल टिपायची आणि तू गप्प बसायचं. तुला न भिणारा माणूस हवा. मला रजा मिळाली तर मीच येते.

या वेळी खाली काही लिहीत नाही. आकडे आले की खालचे आशीर्वाद पाठवीन.

ताई


ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारचं लिहिलं नाही ही माझी चूक. दुसरी खाली लिहितो, ती मोठी आहे.

काट्यावरच्या कारकुनाला शेजारी बसवलं. मला न भिणारा इथे तोच एक. चहात साखर घातलेलीसुद्धा तो लिहून ठेवतो. सपाट वाटेवर दोन फेऱ्या: पुढचा डबा सत्तावन्न. मग चढ: अठ्ठ्याण्णव. मी म्हटलं, बघितलंस? त्याने वही माझ्याकडे फिरवली. सपाट वाटेच्या ओळीत होतं, गिअर, ब्रेक, हॉर्न. चढाच्या ओळीत होतं, लाल बटण, मग गिअर, ब्रेक, हॉर्न. बाकी सगळं सारखं.

डबा निवू दिला. मग बटण न दाबता तोच चढ चढलो. त्रेसष्ट. पुन्हा त्रेसष्ट. तिसऱ्यांदा चौसष्ट. आणि गाडी बटणावाचून एकदाही घसरली नाही.

कारण तुला लगेच कळेल, मला एक महिना लागला. गाड्याचे टायर गुळगुळीत. कडक खडकावर वळताना आतलं चाक बाहेरच्याबरोबर ओढलं गेलं की ते घसरतं, टायर झिजतो, तो मी चार महिन्यांनी बदलतो आणि त्याला गाड्याचा दम म्हणतो. जोडसीटचे टायर नवे, खडक सोडत नाहीत. मग सगळा ताण डब्यातल्या गिअरांवर. ते नखांएवढे तुकडे मी पाडले, रोज, काळजीपूर्वक. बटण फक्त चिखलात आणि भुसभुशीत जमिनीत, कडक जमिनीवर वळताना नाही, असं गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात एकतिसाव्या पानावर छापलं आहे. ते पान मी उघडलं नव्हतं. पुस्तक बघून गाडी चालवणाऱ्यांना मी आयुष्यभर हसलो.

भाऊजींना त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे आता माझं पायी फिरणं बंद, तब्येत बिघडणार. मग बराच वेळ विडी पेटवायला विसरून बसले.

ड्रायव्हरांनाही सांगितलं की चढावर बटण दाबू नका. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एक म्हणाला, काकांना गाडी घसरायला हवी आहे, म्हणजे गाडा परत येईल. आणि माझ्यासमोर बटण दाबून चढ चढला. त्याला दोष देत नाही. महिनाभर मीच त्यांना तसं शिकवलं आणि महिनाभर सगळ्यांनी त्यांना सांगितलं की मी जळतो. माझ्या तोंडचं आता कुणाला खरं वाटणार नव्हतं. ज्यात माझंच नाक कापलं जाईल तेवढंच खरं वाटलं असतं.

म्हणून वहीत लिहिलं. नवव्या नोंदीखाली, मोठ्या अक्षरात: वरील नऊ नोंदी चूक. यंत्रात दोष नव्हता. कडक चढावर लॉक लावून मी डबा खराब केला. लॉक चढावर लावू नये. खाली सही आणि तारीख. कारकुनाची साक्ष. ड्रायव्हरांनी ते मोठ्याने वाचलं, मग ऑफिसात नेऊन वाचलं, मॅनेजरने मालकांना वाचून दाखवलं. दोन दिवस खाणीत दुसरा विषय नव्हता. तिसऱ्या दिवशी त्या दोघांनी बटणावर चिकटपट्टी लावली. त्याला काकांचं बटण म्हणतात. म्हणू दे.

माझ्या कबुलीमुळे गॅरंटी गेली. डब्याची किंमत माझ्या पगारातून चौदा महिने कापणार आणि ती फिटेपर्यंत मला नोकरी सोडता येणार नाही. भाऊजी अकरा महिन्यांनी सुटतील, त्यांच्यानंतर मी तीन महिने इथे एकटा भिंत बघणार. नवा डबा येईपर्यंत सुरुंगाच्या वेळी गाडाच उतरतो. सोमवारी डबा आला की गाडा भंगारात. मालकांना विनंती केली नाही. ही दोन दिवस बोलत नव्हती, काल बोलली, पण ते लिहिण्यासारखं नाही.

थर्मामीटर सोबत परत करतो. आकडे वर आहेत, आशीर्वाद पाठव.

तुझा,
पान्या

ता. क. एक गोष्ट तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. वहीत कबुली लिहिली त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, गाडी विकणाऱ्यांचा माणूस क्वार्टरवर आला होता. आजूबाजूच्या खाणी याच गाड्या घेणार आहेत आणि माझ्या नऊ नोंदींची बातमी तिथवर गेली होती. चूक माझी आहे हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं, मला माहीत होतं. चहा घेऊन त्याने सांगितलं की ती पानं फाडून त्याच्या हातात द्यायची, पुढे गाडीविषयी एक अक्षर लिहायचं नाही, नवा डबा ते गुपचूप फुकट बसवतील, आणि मला रोख एक लाख ऐंशी हजार. मी नको म्हटलं.